हिरवी झालेली करप्याची ओळ

१

सोमवारी सकाळी सव्वाआठला सुनयना कोलकारने गुंजीच्या भात संशोधन केंद्राचं फाटक ढकललं, छत्री मिटली, आणि समोरच्या वाफ्याकडे बघून तिच्या तोंडून एक शब्द गेला. तो इथं लिहिण्यासारखा नाही. पिकांच्या रोगांवर डॉक्टरेट घेतलेली असली तरी शेवटी माणूसच की ती! वाफ्याच्या कडेची जी ओळ शुक्रवारी संध्याकाळी करपून, वाळून, मान टाकून मेली होती, ती आज हिरवीगार उभी होती.

ती दुसऱ्या वाफ्याकडे धावली. तिथंही तेच. तिसऱ्या वाफ्याकडे ती धावली नाही, चालत गेली, कारण तिथं काय दिसणार हे तिला कळून चुकलं होतं.

आता हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल, भात हिरवं झालं तर बरंच झालं की, कपाळ कशाला बडवून घ्यायचं? तर असं होतं. या केंद्रात भाताच्या चोवीस जाती पेरल्या होत्या, आणि त्यातली कुठली करपा रोगाला पुरून उरते ते बघायचं होतं. करपा म्हणजे बुरशी. पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, मधे राखाडी, कडेला तपकिरी. ठिपक्याला ठिपका मिळाला की पान जळून जातं. आता हा रोग आपणहून कधी येतोय याची वाट बघत बसता येत नाही. म्हणून प्रत्येक वाफ्याच्या ज्या कडेनं वारा येतो, त्या कडेला मुद्दाम एक अगदी नाजूक जात लावायची. तिला आधी करपा होतो, आणि वाऱ्याबरोबर तो बाकीच्यांवर जातो. ती ही करप्याची ओळ. तिनं मरायचं, हेच तिचं काम. ती मेली तरच छातीठोक सांगता येतं की रोग होता, आणि रोग असूनही अमुक जात तगली.

गुंजीला पावसाळ्यात वारा रस्त्याकडून येतो, म्हणून तिन्ही वाफ्यांत ही ओळ रस्त्याच्या कडेला होती.

हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. पहिली दोन वर्षं नुसते कागद गेले होते, यंदा निकालावर सही करणारी समिती स्वतः येणार होती, आज दुपारी तीनला. फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: करप्याच्या ओळीला समितीसमोर सातपेक्षा कमी गुण पडल्यास प्रयोग रद्द. शून्य म्हणजे निरोगी, नऊ म्हणजे मेलेलं. शुक्रवारी तिन्ही ओळींना नऊ होते. आज कुणाच्याही बापाला शून्याच्या वर देता आले नसते.

आणि रद्द म्हणजे अकरा नंबर गेला. जातींची नावं बंद लिफाफ्यात, सुनयनाला ठाऊक होते ते फक्त नंबर. पण हा अकरा नंबर! तीन वर्षं सगळीकडे रोगाचा धुमाकूळ, आणि याच्या पानावर मोजून चार ठिपके. आज तो पास झाला असता तर पुढच्या हंगामात त्याचं बियाणं खानापूर भागातल्या शेतकऱ्यांच्या हातात पडलं असतं. चौथं वर्ष चालवणार नाही, असं केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टनं आधीच कळवलं होतं.

"म्याडम, चमत्कारच म्हणायचा की!" मागून कल्लाप्पा म्हणाला. हा केंद्राचा शेतावरचा माणूस, वाफे आखण्यापासून राखणीपर्यंत सगळं त्याच्याकडे.

"गप रं कल्लाप्पा," म्हणत सुनयना खाली बसली. तिनं ओळीतलं एक रोप बुडाशी धरून हळूच ओढलं. चाळीस दिवसांचं भात असं ओढून येत नसतं, हात सोलवटतो.

रोप अलगद तिच्या हातात आलं.

२

"औषध मारलेलं नाही," सुनयना म्हणाली. "औषधानं जुने ठिपके पुसले जात नाहीत. ओळ उपटून कुणीतरी दुसरी लावलीय. आणि मुळांनी अजून माती धरलेली नाही, म्हणजे काल नाहीतर परवा. राखणीला कोण होतं?"

"मीच की." कल्लाप्पानं टोपी काढून परत घातली. "शनवार-आयतवार मी हितनं हललो न्हाय, म्याडम. देवाशपथ."

"तुझ्यापासून शंभर हात लांब तीन ओळी कुणीतरी उपटल्या, परत लावल्या, आणि तुला दिसलं नाही?"

"न्हाय."

सुनयनानं त्याच्या उजव्या अंगठ्याला बांधलेल्या चिंधीकडे बघितलं. "हे काय झालं?"

"इळा लागला."

"सोड बघू."

कल्लाप्पानं नाइलाजानं चिंधी सोडली. अंगठ्याला दोन जखमा होत्या, एक वरून, एक खालून, समोरासमोर.

"विळा दोन्ही बाजूंनी एकदम लागला व्हय रं तुला?"

कल्लाप्पाचा चेहरा पडला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "खेकड्यानं धरलं, म्याडम. आयतवारी सकाळी नवाला वड्याला गेलतो, बाराला आलतो. मग रस्सा केला आणि झोपलो. ट्रस्टच्या अण्णास्नी तेवढं सांगू नगा. ती जैन माणसं. राखणीचा माणूस खेकडं धरत हिंडतोय म्हटल्यावर उभ्या उभ्या हाकलतील मला."

तर राखणदार खेकडे धरत होता. सुनयनाला हसावं की ओरडावं कळेना. मग ती ओरडलीच. "तीन वर्षं, कल्लाप्पा! तीन वर्षं मी बेळगावहून इथं येऊन पानं मोजतेय, आणि तुला रविवारीच रस्सा पाहिजे होता?"

"चुकलं, म्याडम. पर हितं चोरायसारखं हाय काय? बी कपाटात, कपाट कुलपात, किल्ली अण्णांच्या जानव्याला. बियाण्याच्या पट्टीची कापणी झाली की रान मोकळं, बायका सरवा येचून नेत्यात, मग कुत्रं सुदीक फिरकत न्हाय. कोण यील असं वाटलं न्हाय मला."

बांधापलीकडे बायका भांगलणीला, म्हणजे तण काढायला, आल्या होत्या. त्यातली म्होरकी, कोंडाबाई, हातात चहाचा पेला घेऊन आली. पन्नाशीची, ठेंगणी, पदर खोचलेली. "म्याडम, च्या घ्या. जरा बोलायचं हुतं."

"कोंडाक्का, आत्ता नको. नंतर."

"बरं," म्हणून कोंडाबाई पेला बांधावर ठेवून गेली.

सुनयनानं हातातलं रोप उलटंपालटं केलं. बुडाशी, जिथं खोड मातीतून वर येतं, तिथं जांभळी छटा होती. तिनं आणखी तीन रोपं ओढून बघितली, तिघांचंही बूड जांभळं. चोवीस जातींत जांभळ्या बुडाची जात एकच होती.

अकरा नंबर.

३

साडेनऊला धरणेंद्र अण्णांची जीप आली. अण्णा निपाणीचे, तंबाखूच्या जुन्या व्यापारी घराण्यातले, आणि केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टचे प्रमुख. पांढरे कपडे, पांढऱ्या मिशा, आवाज असा की पार लोंढ्याच्या स्टेशनावर ऐकू जावा.

"बाई, औषध मारलंय कुणीतरी!" ओळ बघताच ते गरजले.

सुनयनानं तेच सगळं परत सांगितलं. रोप ओढून दाखवलं. अण्णांनी पण एक ओढलं, मग आणखी एक, मग तिसरं.

"अण्णा, पुरे. सगळीच उपटू नका आता."

"पण अकरा नंबर कुठनं आला? तुमच्या अकराच्या ओळीतनंच काढलं असणार."

हे तिच्याही डोक्यात आलं होतं. ती तिन्ही वाफ्यांत आणि खालच्या बियाण्याच्या पट्टीत जाऊन अकरा नंबर मोजून आली होती. एक रोप कमी नव्हतं, माती हललेली नव्हती. अण्णांनी मान हलवली आणि जानव्याची किल्ली काढली. दोघं ऑफिसात गेले. कपाटाचं कुलूप जागेवर होतं. आत अकरा नंबरची पुडी होती, तिच्यावरची लाख शाबूत, अण्णांच्या अंगठीचा ठसा त्यावर जसाच्या तसा.

"आणि हे बियाणं दुसरीकडे कुठं आहे?" सुनयनानं विचारलं.

"कुठं न्हाय. पाठवणाऱ्यांनी एवढंच पाठवलं. त्यातलंच खालच्या पट्टीत वाढवतोय आपण." अण्णा खुर्चीत बसले. आता त्यांचा आवाजही खाली आला. "म्हणजे बघा, जे बियाणं या कपाटाशिवाय जगात कुठं न्हाय, त्याची तीनशे रोपं एका रात्रीत आली, आणि आपल्याच शेतात आपणहून उगवली. व्हय?"

"तसंच दिसतंय."

"भूतबाधा म्हणा की सरळ!"

हा तिढा सुनयनाला मुळीच आवडला नव्हता. ऑफिसच्या दारात कोंडाबाई उभी होती.

"म्याडम, वाईच..."

"कोंडाक्का, बाई, दिसत नाही का? नंतर म्हटलं ना!"

कोंडाबाईनं अण्णांकडे बघितलं आणि ती मागं फिरली. बाहेर मोटारसायकलचा आवाज आला. अण्णांचा पुतण्या अरिहंत रेनकोट झटकत आत आला. ओळ हिरवी झाल्याचं त्यानं रस्त्यावरूनच बघितलं होतं.

त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

४

अरिहंत एका बियाणं कंपनीचा माणूस. कंपनीची एक संकरित जात या चोवीसांत होती. नंबर गुप्त, पण आपली जात ओळखायला त्याला नंबर लागत नव्हता. पाच नंबरची रुंद पानं त्याला लांबूनही कळायची. आणि पाच नंबर तिन्ही वाफ्यांत जळून कोळसा झाला होता. हा निकाल छापून आला असता तर या तालुक्यात कंपनीचं एक पोतं खपलं नसतं.

"प्रयोग रद्द झाला तर फायदा कुणाचा?" सुनयनानं सरळच विचारलं.

"माझा," अरिहंत म्हणाला. "मॅडम, खोटं कशाला बोलू? रद्द झाला तर मी बेळगावला जाऊन पेढे आणीन. पण हे मी केलेलं नाही."

"रविवारी सकाळी कुठं होतास?"

"निपाणीत, काकांच्याच घरी. बस्तीच्या देवळात पूजा होती. विचारा काकांना."

अण्णांनी मान डोलावली, आणि लगेच त्यांना वाईट वाटल्यासारखं झालं, कारण पुतण्या सुटला म्हणजे कोडं तसंच राहिलं.

सुनयना मात्र त्याला एवढ्यावर सोडणार नव्हती. ती त्याला ओढत वाफ्यावर घेऊन गेली. त्याच्या हातात दोन रोपं दिली. "लाव."

"काय?"

"लावून दाखव. या चिखलात."

अरिहंतनं बूट सांभाळत वाकून रोप मातीत खुपसलं. ते आडवं झालं. त्यानं परत उभं केलं, ते दुसऱ्या बाजूला कललं. तिसऱ्यांदा ते मोडलं.

"कंपनीत हे शिकवत नाहीत," तो ओशाळून म्हणाला.

"दिसतंय. जा तू."

तो गेल्यावर अण्णा छत्री घेऊन जवळ आले. त्यांनी घसा साफ केला. "बाई, एक सांगू? शुक्रवारचे गुण नऊ होते ना? खरेच होते ना? मग तेच लिहा. एवढ्या पावसात समितीचं कोण गाडीतनं उतरतंय? काचेतनं बघतील, सही करतील आणि चहा पिऊन जातील. तुमचा अकरा नंबरही वाचेल."

सुनयनानं वहीकडे बघितलं. नऊ. तिच्याच अक्षरात, तिन्ही ओळींसमोर. एक अक्षरही खोटं नव्हतं. फॉर्मवरचं 'समितीसमोर' हे दोन मिनिटं विसरलं की संपलं. घड्याळात पावणेबारा झाले होते.

"मी विचार करते," ती म्हणाली.

५

ती शेडच्या पायरीवर बसली. डोकं भणभणत होतं आणि भूक लागली होती, आणि या दोन्ही गोष्टींचा तिला सारखाच राग आला.

सकाळपासून ती एकच प्रश्न विचारत होती: प्रयोग बिघडवून फायदा कुणाचा? पण ज्याला बिघडवायचं असतं तो काय करतो? ओळ उपटतो आणि जातो. गाडी घालतो. तणनाशक ओततो. पाच मिनिटांचं काम. इथं कुणीतरी तीन ओळी निगुतीनं लावल्या होत्या. दोरी न धरता सरळ, रोपाला रोप वीतभर अंतरावर, प्रत्येक चिमटीत तीन काड्या, कमी नाही की जास्त नाही. नासधूस करायला आलेला माणूस एवढी मेहनत घेत नाही. हे दुरुस्त करायला आलेल्या माणसाचं काम होतं.

आणि दुरुस्त काय केलं होतं? आतलं काही नाही. पाच नंबर जळलेला तसाच होता, चौदा आणि वीसही तसेच. दुरुस्त केली होती फक्त रस्त्याच्या कडेची ओळ, गाडीतून उतरलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसते ती.

राहिली रोपं. बियाणं कपाटात, हे खरं. पण खालच्या पट्टीत तेच बियाणं वाढवतात, कापतात, आणि मग? मग रान मोकळं. बायका सरवा वेचतात. जमिनीवर पडलेल्या लोंब्या ओच्यात भरून घरी नेतात. ही रीत इतकी जुनी की नियमांच्या वहीत तिचा उल्लेखसुद्धा नव्हता. लाखेचं सील, बंद लिफाफे, गुप्त नंबर, आणि इकडे दर कापणीला बियाणं ओच्यातून राजरोस बाहेर!

सुनयनानं वर बघितलं. बांधापलीकडे अकरा बायका वाकून भांगलत होत्या. तिनं सकाळपासून तीन पुरुषांची उलटतपासणी घेतली होती. या अकरा जणींना तिनं एक शब्द विचारला नव्हता. तिची स्वतःची आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात अशीच वाकून रोपं लावत होती, तीन-तीन काड्यांची चिमट धरून, मागं मागं सरकत. लहानपणी सुनयनानं तिच्या शेजारी उभं राहून रोपांची मूठ पुरवली होती. हे हात तिला सकाळी सव्वाआठलाच ओळखता यायला हवे होते. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त चीड आली.

"कोंडाक्का!" तिनं हाक मारली. "ये गं इकडं."

कोंडाबाई हात पुसत आली. चेहरा जरा रुसलेला.

"ही ओळ तू लावलीस?"

रुसवा कुठल्या कुठं गेला. "मग! सकाळधरनं तेच सांगायचं हुतं. आम्ही चौघी आलतो आयतवारी. बेस झालीया का न्हाय?"

"सुट्टीच्या दिवशी? फुकट?"

"घरला पाव्हणं येणार म्हटल्यावर अंगण सारवाय कोण पगार मागतंय व्हय?" कोंडाबाई म्हणाली. "शुक्रवारी अण्णाच वराडलं, सोमवारी मोठं साहेब लोक येणार, शेत देखणं दिसाय पायजे म्हणून. आणि ही मेलेली वळ बरोबर रस्त्याच्या कडंला. म्हटलं, गाडीतनं उतरल्या उतरल्या हेच दिसणार. लोक म्हणतील, म्याडमला शेती कळत न्हाय. तुमची अब्रू जाईल म्हटलं."

सुनयनानं डोळे मिटून घेतले. "आणि रोपं?"

"काळ्या कुसळाचं. आमच्या रोपांच्या तरव्यात उरलं हुतं. दोन वर्सांमागं सरव्यात घावलं, तवापासनं लावतोय. लई गुणाचं हाय, रोग म्हणून धरत न्हाय. म्हटलं हेच लावावं, परत मराय नगं."

"उपटलेली मेलेली रोपं कुठं आहेत?" तिच्या आवाजात शेवटची आशा होती. निदान ती तरी समितीला दाखवता आली असती.

"वड्यात सोडली की. रोगाचं भात बांधावर ठिवू नये."

बरोबरच होतं. अगदी पुस्तकात लिहिलेलं असतं तसं बरोबर. सुनयनाला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडायचं ते कळेना.

"कोंडाक्का, ही ओळ मरायलाच लावली होती गं. ती मेलेली दिसली असती तर बाकीचं खरं ठरलं असतं. तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"कोण सांगणार? कल्लाप्पा म्हणतोय दोरी धर. अण्णा म्हणत्यात आटपा. तुम्ही येता, पानं मोजता, लिवता आणि जाता." मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्हंजी आता, माझ्यामुळं सगळं..."

"न्हाय गं," सुनयना म्हणाली. ऑफिसातली भाषा गळून घरातली कधी तोंडात आली, तिला कळलंही नाही. "तुझ्यामुळं न्हाय."

६

समिती तीन वाजून वीस मिनिटांनी आली, आणि अण्णांचा अंदाज पार चुकला. अध्यक्षबाई धारवाडकडच्या, साठीच्या, पायात गमबूट. पावसात गाडीतून आधी त्याच उतरल्या. थेट ओळीशी गेल्या, वाकल्या, एक रोप ओढलं. ते अलगद हातात आलं.

"यारु माडिद्रु?" त्यांनी विचारलं. कुणी केलं हे?

अण्णा लगबगीनं पुढं झाले. "आमच्या बायका, म्याडम. अडाणी हायत, काय कळतंय त्यांस्नी..."

"अण्णा, थांबा," सुनयना म्हणाली. आवाज चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "शेत देखणं दिसलं पाहिजे, असं कुणी सांगितलं होतं त्यांना? तुम्ही. आणि ही ओळ कशासाठी आहे ते कुणी सांगितलं नाही? मी. तीन वर्षांत पाच मिनिटं मला मिळाली नाहीत. त्यांना जे सांगितलं, ते त्यांनी आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं केलंय."

अण्णा मिशीवरून हात फिरवत एक पाऊल मागं सरकले.

अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शुक्रवारची वही बघितली, मोबाइलमधले फोटो बघितले. आतल्या जळलेल्या ओळी बघितल्या, अकरा नंबरपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "तुमचं मला पटतंय. पण जे मी बघितलं नाही, त्यावर मी सही करू शकत नाही. नियम माझ्यासाठीही आहे." त्यांनी फॉर्म पुढं केला.

करप्याच्या ओळीचे गुण: शून्य. प्रयोग रद्द. खाली कारणाचा रकाना होता. सुनयनानं लिहिलं: 'शेतावर काम करणाऱ्यांना प्रयोग समजावून सांगितला नव्हता. जबाबदारी माझी.' मग तिनं खाली सही केली. तीन वर्षं गेली होती, आणि तिला फार वाईट वाटत होतं.

गाडी गेली. अरिहंतनं पेढे आणले नाहीत, एवढी त्याला लाज होती, पण मोटारसायकल सुरू करताना तो शीळ घालत होता. ज्यानं काडीही हलवली नव्हती, फायदा झाला तो एकट्याचा. चौथ्या वर्षाबद्दल अण्णांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

"म्याडम," कोंडाबाई म्हणाली. ती अजून गेली नव्हती. "वाईच माझ्यासंगं चला. लांब न्हाय."

"आता काय राहिलंय, कोंडाक्का?"

"चला तर."

रेल्वेच्या रुळांपलीकडं, उतारावर कोंडाबाईचं चार गुंठ्यांचं शेत होतं. वरच्या बाजूला कुणाचं तरी भात करप्यानं तांबडं पडलं होतं, खालच्या बाजूला तसंच. मधे कोंडाबाईचं भात हिरवंगार, फुटव्यांनी भरलेलं. सुनयना बांधावरून उतरली. पानं उलटी करून बघितली, खालची, मधली, वरची. चार पानांमागं एखादा ठिपका. बूड जांभळं.

"हे एवढंच आहे?"

"एवढंच कसं? आक्काताईनं लावलंय, मनुबाईनं लावलंय, स्टेशनाकडच्या सगळ्या घरात हाय. औंदा कणकुंबीला माझ्या लेकीनं नेलंय. भात लई ग्वाड लागतोय त्याचा."

सुनयना त्या चिखलात उभी राहिली. अकरा नंबर शेतकऱ्यांच्या हातात पडावा म्हणून तिनं तीन वर्षं रक्त आटवलं होतं, आणि तो दोन वर्षांपासून त्यांच्या ताटात होता. "तीन वर्षं!" ती ओरडली, इतकी की वरच्या बांधावरचे बगळे उडाले. "तीन वर्षं मी लिफाफे सील करतेय, कोंडाक्का! नंबर लपवतेय! आणि तुम्हाला सगळं ठाऊक?"

"मग इचारायचं हुतं," कोंडाबाई म्हणाली. "पाच नंबराची ती रुंद पानाची जात, ती तर पैल्या वर्सालाच मरणार म्हटलं हुतं आम्ही. वीस नंबरचं भात शिजवलं की चिकाट हुतंय. तिसऱ्या वळीत जे उंच हाय, ते वाऱ्यात झोपतंय."

सुनयनानं ओल्या पदरानं तोंड पुसलं आणि पिशवीतून वही काढली. पानं भिजली होती. तिनं कोरं पान शोधलं.

"उद्या सकाळी आठला सगळ्या बायकांना घेऊन शेडात ये."

"कामाला?"

"न्हाय. बोलायला. या प्रयोगात काय काय असतंय ते नीट सांगायचं."

"कुणी कुणाला?" कोंडाबाईनं विचारलं.

"आधी तुम्ही मला," सुनयना म्हणाली.